विणकराचा तिकीट नंबर

वादात हरायची मला सवय नाही. आई म्हणायची, "ही पोटात होती तेव्हाही उलट उत्तरं देत असेल." पण एक वाद असा होता, जो मी शाळेत असल्यापासून हरत होते आणि नोकरीत पक्की होऊन डोक्यात चार पांढरे केस आले तरी हरतच होते. समोर माझे बाबा. विषय पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल.

बाबांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: शास्त्रात साचेवाल्याबद्दल एकही चांगला शब्द नाही.

बाबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, आणि जिथे हे साचे ओळीने धडधडत असतात ते साळखातं. साळखात्याचं आमच्या घराला फार कौतुक होतं, कारण आजोबांना त्या खात्याच्या दारातून आत घेतलं नव्हतं. आजोबा नगरकडून आले ते ख्रिस्ती म्हणूनच आले, पण गिरणीला त्यांची जात बरोबर ठाऊक होती. साच्यावर आडवं सूत घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. त्यात सुताची नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला तिथे तोंड लावून श्वासाने ओढायचं, अशी पद्धत होती. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जातो. मग ‘यांनी’ तोंड लावलेला धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, असं बाकीच्यांचं म्हणणं. म्हणून आमची माणसं कताईच्या खात्यात. आजोबांचा जन्म तिथेच गेला.

बाबा मात्र साळखात्यात शिरले, आधी बदली कामगार म्हणून आणि मग कायम. त्यांच्या पहिल्याच पाळीत शेजारच्या साच्यावरच्या एका मालवणी माणसाने बाबांच्या हातातला धोटा घेतला, सगळ्या ओळीदेखत तोंडाला लावला, सूत ओढून काढलं आणि परत बाबांच्या हातात दिला. पुढे त्यानेच आम्हाला लालबागच्या आपल्या चाळीत, आपल्याच मजल्यावर खोली बघून दिली. त्यांना मी काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकी. बाबांना सख्खा भाऊ नव्हता, पण त्याची उणीव त्यांना कधी वाटली नाही.

संप लागला आणि लांबला. चाळीतली निम्मी कुटुंबं गावी गेली. काकाही काकींना घेऊन गावी गेले, थोडीफार शेती होती तिकडे. पुढच्या वर्षी निरोप आला की काका गेले. छातीत कळ आली आणि संपलं.

त्याच आठवड्यात घरप्रार्थना आमच्याकडे होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीत अशी रीत आहे की आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी सगळ्यांनी जमायचं, आणि ज्याचं घर त्याने त्या दिवसाचा शास्त्रभाग वाचायचा. भाग पाळकसाहेब आधीच ठरवून ठेवायचे. त्या दिवशी ईयोब नावाच्या एका दुःखी माणसाच्या पुस्तकातला भाग होता. खोलीत दाटीवाटीने बसलेले सगळे गिरणीवाले. बाबा वाचत होते. माझे दिवस धोट्याहून भरभर जातात, असं तो दुःखी माणूस म्हणतो तिथे बाबा आले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. धोटा! शास्त्रात धोटा! बसलेली माणसं हसली, एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. मग बाबांनी वाक्याचा पुढचा भाग वाचला. ते दिवस आशेवाचून संपतात, असं तिथे आहे.

बाबांनी शास्त्र मिटलं आणि फळीवर ठेवलं. शेवटची प्रार्थना पाळकसाहेबांनीच उरकली. चहा कोणी धड प्यायला नाही.

त्या दिवसापासून बाबांनी मोठ्याने प्रार्थना केली नाही. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, यायचे, नाताळला नवा सदरा घालून यायचे, भेटेल त्याला सलाम करायचे. पण आवाज बंद. घरी जेवणाआधी प्रार्थना करायचं काम कर्त्या पुरुषाचं. बाबा करेनात. आई म्हणाली, "कर्ता घरात असताना मी कशाला करू? करतील तेव्हा करतील." ताटं वाढून ती हात जोडून बसायची. बाबा ताटाकडे बघत राहायचे, मग मुकाट्याने पहिला घास घ्यायचे, की आई हात सोडायची. रोज दोन्ही वेळा हेच. संप मिटला म्हणे, गिरणी थोडीशी चालली आणि बंद पडली, परत घेतलेल्यांत बाबांचं नाव नव्हतं, ते दादरला एका कापडाच्या दुकानात कापड मोजून फाडायला लागले, मी मोठी झाले, माझगावला गोदीजवळच्या एका कचेरीत टायपिस्ट झाले. जेवणाआधीची ती गप्प जागा तशीच राहिली. मला ती सहन व्हायची नाही. बाबांचा खडा आवाज मला परत हवा होता, आणि वाद जिंकला की तो परत येईल अशी माझी पक्की समजूत होती.

जिंकायला दारूगोळा हवा. गिरगावात एका जुन्या देवळाच्या वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी शब्दसूची होती. शास्त्रातला कुठलाही शब्द घ्या, तो कुठकुठल्या पुस्तकात, कुठल्या अध्यायात, कितव्या वचनात येतो ते त्यात छापलेलं. विटेपेक्षा जड. घरी नेऊ देत नसत. शनिवारी अर्धा दिवस असला की मी तिथे जाऊन बसायचे, बोट ओळीवर ठेवून शोधायचे, आणि सापडलं की इतका आनंद व्हायचा की परत येताना बसमध्ये मी एकटीच हसत असायची.

साचा शोधला. एका बलवान माणसाच्या केसांच्या बटा त्याच्या प्रेयसीने साच्यात विणल्या, असं सापडलं. मी धावत घरी. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पुढे काय झालं? फसवून धरून दिला ना त्याला? डोळे काढले. चांगलं शोधलंस."

पुढच्या शनिवारी साच्याची तुरी शोधली, ज्याच्यावर विणलेलं कापड गुंडाळतात तो दांडा. एका राक्षसासारख्या शत्रूचा भाला विणकराच्या तुरीएवढा जाड होता, असं निघालं.

"शत्रूचा ना?" बाबा म्हणाले. "बरं झालं. आपल्या साच्याचं लाकूड दुसऱ्याच्या छातीत घालायला."

मग एक आजारी राजा सापडला. विणकर कापड साच्यावरून कापून काढतो तसं माझं आयुष्य कापलं जातंय, असं तो रडतो. ते मी बाबांना सांगितलंच नाही. पण त्यांना ते आधीच ठाऊक होतं, हे मला आईकडून कळलं. म्हणजे बाबाही गुपचूप शोधत होते तर! मला त्या दिवशी फार बरं वाटलं. ज्याने आशा सोडली तो कशाला शोधेल?

अशी वर्षं गेली. आमच्या कचेरीत टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले. मी गिरगावात क्लास लावून ते शिकले आणि शिकल्यावर माझ्या डोक्यात तेच खूळ शिरलं. लॅमिंग्टन रोडवरून जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर घरी आला आणि दुसरी जागाच नसल्याने आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसला. आई आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. त्यात माझ्या मावसभावाने पुण्याहून एक सीडी आणून दिली. तिच्यात सबंध शास्त्र, तीन-चार इंग्रजी भाषांतरांत, शिवाय कोश, नकाशे, जुन्या मिशनरी पंडितांच्या टिपा, मोजमापांचे तक्ते. मराठी तेवढं नव्हतं.

बाबांनी सीडी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली. "एवढ्याशा ताटलीत सगळं शास्त्र?"

"सगळं."

"वंशावळ्यासुद्धा?"

"वंशावळ्यासुद्धा, बाबा."

सीडी फिरायला लागली तसा आतून घरघर आवाज यायला लागला. बाबांनी कान लावला. "बेअरिंगला तेल घाल हिच्या," म्हणाले आणि जाऊन खाटेवर बसले. पण त्यांची नजर पडद्यावर होती, ते मी पाहिलं होतं.

मी एक शब्द टाइप केला, ‘पाणी’ला इंग्रजीत असतो तो, आणि बटण दाबलं. क्षणात पडदा भरून वचनं आली. खाली ओढत गेले तरी संपेनात. मी ओरडलेच. गिरगावात बोट ठेवून ठेवून ज्याला शनिवार गेले असते ते इथे डोळ्याचं पातं लवेपर्यंत! मी ‘मासे’ टाकलं, ‘मीठ’ टाकलं, ‘कांदे’ टाकलं. कांदे खरंच आहेत शास्त्रात, रानात भटकून कंटाळलेल्या लोकांना मिसर देशातल्या कांद्यांची आठवण येते. आई तेवढ्यापुरती राग विसरली. "बघ, कांद्यावाचून देवाच्या माणसांचंसुद्धा चालत नाही," म्हणाली.

या सगळ्या गलक्यात बाबा कधी खाटेवरून उठून माझ्या पाठीशी आले ते कळलं नाही. माउसचा बाण एका शब्दावर गेला की खाली एक आकडा उमटत होता. बाबांनी त्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

मी त्यांना समजावून सांगितलं. जुना करार मुळात हिब्रूत. इंग्रजीवाल्यांनी एका जागी त्याचं एक भाषांतर केलं, दुसऱ्या जागी दुसरं केलं. मराठीवाल्यांनी आणखी तिसरं. मग मूळ शब्द कुठला हे कळावं म्हणून पंडितांनी प्रत्येक मूळ शब्दाला एक नंबर दिलाय. वर कुठलंही भाषांतर असो, खाली नंबर तोच.

"म्हणजे तिकीट नंबर," बाबा म्हणाले.

"काय?"

"अगं, गिरणीत माणसाला तिकीट नंबर असतो की नाही? कुठल्याही खात्यात बदलीवर पाठवा, टोपी घाला नाहीतर डोक्याला फडकं बांधा, हजेरी त्याच नंबरावर लागते." आणि मग अगदी पोरासारखं म्हणाले, "दाब बघू तो नंबर."

मी दाबला. तो शब्द शास्त्रात जिथे जिथे कामाला होता तिथली सगळी यादी समोर आली. बाबा इतके खूश झाले की त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

त्यानंतर रविवारी उपासनेहून आलो की आमचा उद्योग ठरलेला. मी पडद्यासमोर, बाबा मागे स्टुलावर, मांडीवर फळीवरून काढलेलं मराठी शास्त्र. ते मराठीत वाचायचे, मी इंग्रजीत शोधायचे, मग दोघं मिळून नंबर दाबायचो. बाबा वाचायचे म्हणजे मनातल्या मनात, ओठ हलवत. माझी उत्सुकता ऊतू जायची आणि बाबांची शंका संपायची नाही. "विटांचं बघ," ते एकदा म्हणाले. राजा गुलामांचा पेंढा बंद करतो आणि विटा मात्र तेवढ्याच मागतो, तो भाग मी काढला. बाबांनी मांडीवर थाप मारली. "कच्चा माल बंद आणि उत्पादन तेवढंच! मालक तिथेही तसलाच की गं."

हे सगळं खरं, पण जेवायला बसलो की ती गप्प जागा होतीच. बाबांना यंत्र आवडलं होतं, नंबर आवडले होते. त्यांचं वाक्य मात्र जागचं हललं नव्हतं. मी मधूनच डिवचायचे, तर ते म्हणायचे, "साचा टाक, धोटा टाक. काय येतंय ते तूच बघ." आणि येत काय होतं? तेच. फसवलेला, मारलेला, कापलेला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग तो रविवार आला.

बाबा जेवणाआधी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई बोंबलाच्या कालवणाला फोडणी देत होती. मी त्या राक्षसाच्या भाल्याचं वजन कोशात शोधत होते, उगाच, चिडून. भाला विणकराच्या तुरीएवढा, हे वाक्य समोर होतं. आजवर मी दर वेळी ‘तुरी’वर थांबले होते. त्या दिवशी हात जरा घसरला आणि बाण शेजारच्या शब्दावर गेला. ‘विणकर’. खाली त्याचा नंबर.

मी बघतच राहिले. इतकी वर्षं आम्ही साचा शोधला, धोटा शोधला, तुरी शोधली. गिरणीत माणसाची ओळख साच्यावरूनच. कोण तो? चार साच्यांवरचा. तिसऱ्या ओळीतला. आम्ही शास्त्रातही तसंच शोधत बसलो होतो. विणणाऱ्या माणसाचा नंबर आम्ही एकदाही दाबला नव्हता!

दाबला.

यादी आली आणि तिच्यात अगदी वरच निर्गमाच्या पुस्तकातली वचनं. विटांच्या गोष्टीच्या पुढे तर आम्ही कधी गेलोच नव्हतो, कारण तिथे साचा हा शब्द नाही. आणि खरं सांगायचं तर निर्गमातले ते अध्याय कोणी नीट वाचत नाही. रानात देवासाठी तंबू उभारायचा म्हणून आकड्या किती, खुंट्या किती, पडदे कसे, असली पानंच्या पानं. पाळकसाहेबसुद्धा तिथून उड्या मारत जातात. मी त्यांतलं एक उघडलं. मग त्याच्या वरची वचनं वाचली. मग माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली तिने बाबा खाटेवर उठून बसले आणि आईच्या हातातली पळी कढईत पडली. गॅलरीतून काकीही धावत आल्या. त्या काकांच्या पश्चात चाळीतच परतल्या होत्या आणि डबे करून देत होत्या. "काय झाला गो? शॉक लागलो?"

"बाबा, शास्त्र घ्या! निर्गम काढा! पस्तिसावा अध्याय! शेवट!"

बाबांना पान सापडेना. मीच हिसकावून घेतलं आणि मोठ्याने वाचलं, मराठीतून, काकींनाही कळावं म्हणून. देव एका कारागिराला नाव घेऊन बोलावतो. आपल्या आत्म्याने त्याला भरतो. का, तर तंबूचं काम करायला. त्याच्या जोडीला आणखी एकाला देतो आणि दुसऱ्यांना शिकवायची बुद्धीही देतो. आणि कोणकोणती कामं करायचं कसब त्यांच्या अंतःकरणात भरलं, तर कोरीव काम करणाऱ्याचं, नक्षी काढणाऱ्याचं, निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताने भरतकाम करणाऱ्याचं. आणि विणणाऱ्याचं.

"बाबा, देवाने आपला आत्मा दिला तो यांना! राजाला नाही, याजकाला नाही. कामगाराला! विणणाऱ्याला!"

आई म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. फळीवरच होतं की मग हे."

बाबा माझ्यामागच्या स्टुलावर येऊन बसले. म्हणाले, "शेवटचं परत वाच."

मी वाचलं.

"तो देवाच्या तंबूचं विणणारा," बाबा म्हणाले. "आम्ही मांजरपाट विणायचो."

असा राग आला मला! "मांजरपाट काय नि किरमिजी काय, सूत आडवं-उभंच जातं ना? तुम्हीच सांगायचात!" मी ओरडले. काकी म्हणाल्या, "गो, बापाशी असा बोलतत?" पण बाबा रागावले नाहीत. ते विचारात पडले होते. मान वर करून त्यांनी विचारलं, "पन्हा किती?"

"काय?"

"कापडाचा पन्हा. रुंदी. लिहिली असेल की. आकड्या मोजल्यात तर पन्हा मोजला नसेल?"

लिहिली होती! मी मागचे अध्याय उघडले. एकेक पडदा अठ्ठावीस हात लांब आणि चार हात रुंद. असे दहा. सीडीतल्या मोजमापांच्या तक्त्यात बघितलं, हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

"चार हात," बाबा पुटपुटले. ते खाली बसले आणि लादीवर कोपर टेकवून हात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. "मोठा साचा आहे. आमच्याकडे एवढ्या पन्ह्याचे मोजकेच होते. आणि अठ्ठावीस लांब?" आमच्या खोलीत अठ्ठावीस हात कुठले मावायला? सातव्या-आठव्या हाताला उंबरा आला. बाबा थांबले नाहीत. उंबरा ओलांडून तसेच गॅलरीत गेले, गुडघ्यांवर, कोपर टेकवत.

रविवार दुपार, सगळी चाळ घरात. दारादारांतून माणसं बाहेर आली. कोणी विचारलं, काही हरवलं काय? मी पुढे धावत होते आणि वाटेतल्या चपला, बादल्या, तुळशीची कुंडी उचलून बाजूला ठेवत होते. "हटा, हटा, देवाच्या तंबूचा पडदा मोजतायत!" मी ओरडत होते. लोक हसत होते आणि मीही हसत होते, पण मागे वळून बघितलं तर आई दारात पळी घेऊन उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा गुडघ्यांवर होते. घरप्रार्थनेच्या त्या दिवसापासून ते कधी गुडघ्यांवर आले नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

अठ्ठावीस हात भरले ते काकींच्या दाराशी. बाबा त्यांच्या उंबऱ्यावर बसले, धापा टाकत. गॅलरीभर मागे नजर टाकली. "एवढं एकसंध," म्हणाले. "असे दहा. रानात. गाठ दिसता कामा नये. सोपं नाही ते. आत्माच लागेल त्याला."

काकी म्हणाल्या, "भावजीनू, गुडघे फुटले असतले. उठा आता."

"वहिनी, तो असता तर दुसरं टोक त्याने धरलं असतं."

काकींनी पदर तोंडाला लावला. "धरल्यानच असता," एवढंच म्हणाल्या.

आई खंबीर बाई. तिने काकींना हाताला धरून आमच्याकडे जेवायला आणलं. खोलीत चार ताटं मांडली तर पाय ठेवायला जागा नाही. गरम भात, वर बोंबलाचं कालवण. पडद्यावर ती वचनं अजून तशीच होती आणि सीडी घरघरत होती. आईने नेहमीसारखे हात जोडले. मी जोडले. काकींनीही जोडले. मी श्वास धरून बाबांच्या ताटाकडे बघत होते आणि मनात देवाला दम देत होते की आता तरी, आता तरी!

बाबांचा हात ताटाकडे गेला नाही. ते खाकरले.

"हे आमच्या बापा," बाबा म्हणाले.

तोच आवाज. जरा फाटलेला, पण तोच, चाळीच्या टोकापर्यंत जाणारा. मला उठून नाचावंसं वाटत होतं आणि डोळे मिटून बसावं लागत होतं.

त्यांनी अन्नासाठी आभार मानलेच नाहीत. सुरुवात केली ती काकांपासून. नाव घेतलं, पुरं, बापाच्या नावासकट, मग तिकीट नंबर सांगितला, म्हणजे देवाला हजेरीपत्रकात शोधायला सोपं जावं. याने माझा धोटा तोंडाला लावला होता, म्हणाले, हे तुला माहीत आहे. शेजारी काकींचा हुंदका ऐकू आला. मग त्यांच्या पलीकडच्या साच्यावरचा. मग त्याच्या पलीकडचा. कोण गावी गेला, कोण दारूत गेला, कोण फुटपाथवर भाजी विकत होता. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा नंबर. त्यात मध्येच आजोबा आले, ज्यांना साळखात्याच्या दारातून आत घेतलं नव्हतं. त्यांनाही बाबांनी ओळीत उभं केलं.

भाताची वाफ गेली. कालवणावर तेलाचा थर आला. मी एक डोळा उघडून पाहिलं, तर आईने एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तेच चाललं होतं आणि तिची चुळबुळ सुरू झाली होती.

"अहो," आई हळूच म्हणाली, "आमेन म्हणा आता. जेवण गार झालं."

"थांब गं," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "तिसरी ओळ अजून राहिलीय."